मे महिन्यात कुणाची बाग बघितलीत?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: लातूरच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय पन्नाशीच्या पुढे. मुलं शिकायला आणि नोकरीला बाहेर गेल्यावर त्यांनी गच्चीवर फुलझाडं लावायला सुरुवात केली, आज तिथं चाळीसेक कुंड्या आहेत. बागेची आवड असलेल्या मैत्रिणींचा एक गट आहे. जानेवारीत सगळ्याजणी पुण्याला एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघायला जातात, एकदा बेंगळुरूचं लालबागही झालं. प्रत्येक वेळी पिशव्या भरून रोपं येतात, होळीपर्यंत माना टाकतात आणि मे महिन्यात निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात. बोअरचं पाणी खारट आहे, कुंड्यांना पांढरा थर चढतो, नवी पानं पिवळी निघतात. गेटजवळची शेवंती हिरवीगार वाढते, पण तिला कळी म्हणून धरत नाही. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की सासूबाई म्हणतात, "माणसाला प्यायला टँकर आन् हिच्या फुलाला पाणी!" ताई विचारतात: आपल्या भागात बारा महिने फुलणारी बाग होते का? मैत्रिणींबरोबर बागा बघायला जाणं बंद करू का? परत आल्यावर आपली गच्ची बघवत नाही. की हा नादच सोडून देऊ?

ताई,

तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष महिन्यांकडे गेलं. पुण्याचं प्रदर्शन जानेवारीतलं. लालबागेत गेलात तेही २६ जानेवारीच्या सुमारास. ज्या वहिनींच्या बंगल्यातले गुलाब बघून तुम्हाला घरी येऊन रडू आलं, तो दिवस डिसेंबरातला. आणि स्वतःच्या गच्चीबद्दल जे लिहिलंय ते सगळं मे महिन्यातलं. दुसऱ्यांच्या बागा तुम्ही थंडीत बघितल्या आणि आपल्या बागेचा हिशोब भर उन्हाळ्यात मांडला. त्या वहिनींकडे मे महिन्यात कधी गेला होतात का? जाऊन बघा. निम्मे गुलाब काड्या होऊन उभे असतील आणि वहिनीही तुमच्यासारख्याच हैराण असतील.

मराठवाड्यात बाग करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: दुसऱ्याची बाग बघायची तर मे महिन्यात बघा. थंडीत परभणीपासून बीडपर्यंत कुणाच्याही दारात झेंडू-शेवंती फुलते. मे महिन्यात ज्याच्या दारात काही हिरवं आहे, त्याच्याकडून शिकायचं.

पुष्पप्रदर्शनातली कुंडी त्या चार दिवसांसाठीच तयार केलेली असते. पिटुनिया, पॅन्झी, डायन्थस, फ्लॉक्स ही सगळी हंगामी रोपं. पाऊस ओसरला की बी टाकायचं, थंडीत वाढवायचं, जानेवारीत फुलांचा भर, आणि ऊन तापलं की त्यांचं आयुष्य संपलं. ते पुण्यातही संपतं. तुमच्या गच्चीवर मार्चमध्ये मेलेली पिटुनिया पुण्याच्या माळ्यानंही त्याच सुमारास उपटून खतात टाकलेली असते. तुम्ही ते बघायला तिथं नसता, म्हणून वाटतं की मरण फक्त आपल्याच घरी आहे. तेव्हा होळीला गेलेल्या हंगामी रोपांचा दोष स्वतःवर घेऊ नका. ती जायचीच होती.

लालबागेतून तुम्ही आणलेल्या अझेलिया आणि हायड्रेंजियाची गोष्ट वेगळी आहे. ही झाडं वर्षानुवर्षं जगतात, पण त्यांना आम्लधर्मी माती लागते, गार हवा लागते. लालबागेतली माती तांबडी, बेंगळुरूचा मे आपल्या मार्चसारखा. तुमची माती काळी, चुनखडीची, पाणी खारट, आणि गच्चीवर दुपारी पाय ठेववत नाही. तिथलं झाड इथं जगवायला तुम्ही जीव तोडलात, हे पत्रावरून दिसतंय. पण यापुढे ही दोन झाडं आणू नका. अनंतही जपूनच आणा. चुनखडीच्या मातीत त्याची पानं पिवळी पडतात आणि कळ्या उमलायच्या आधीच गळतात. सोनचाफ्याचंही तसंच. कुणाकडे जमिनीत, आडाच्या काठी चांगला झालेला असेल, पण गच्चीवरच्या कुंडीत लातूरच्या उन्हात तो तुम्हाला दरवर्षी रडवेल.

आता पानं पिवळी का पडतात ते बघू. एक पान हातात घ्या. नवं, शेंड्याचं घ्या, जुनं नको. पान पिवळं पण शिरा हिरव्या, अशी जाळी दिसली तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. आपल्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते उचलता येत नाही. त्यावर जुने खिळे पुरण्याचा उपाय सांगितला जातो, त्यानं काही होत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं. मातीत द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं मागा. नेहमी मिळणारं ईडीटीए आपल्या मातीत टिकत नाही, ते संध्याकाळी पानांवर फवारायला चालतं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर मात्र ती भूक नत्राची आहे, तिथं शेणखत किंवा गांडूळखत द्या.

कुंडीवरचा पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार. इथं बऱ्याच घरांत एक सवय असते: उन्हाळ्यात पाणी पुरवून वापरायचं म्हणून रोज प्रत्येक कुंडीला तांब्या-दोन तांबे घालायचे. खाऱ्या पाण्याला ही सवय फार वाईट. पाणी वरच्या मातीतच उडून जातं आणि क्षार मागे राहतात, रोज थोडे थोडे साठत जातात. त्यापेक्षा बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि देताना कुंडीच्या तळातून निघेपर्यंत द्या. खाली ताटली ठेवून ते निघालेलं पाणी पुन्हा त्याच कुंडीत घालू नका. ते कण्हेरीला घाला, कण्हेर सोसते. (लहान मुलं घरात येत असतील तर कण्हेर त्यांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो.)

अजून दोन पाणी लक्षात ठेवा, कारण हल्ली घरोघरी तीच कुंड्यांत जातात. एक, आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते फरशी पुसायला आणि भांड्यांना वापरा, कुंडीला नको. दुसरं, कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी. कूलर दिवसभर पाणी उडवत असतो, म्हणजे तळाशी क्षारच जमत असतात. एसीच्या नळीतून टपकतं ते पाणी मात्र हवेतल्या वाफेचं, बिनक्षारी असतं. ते बादलीत धरा, नाजूक झाडांना ठेवा. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी तर तुम्ही वापरताच, असं लिहिलंय. कपड्यांच्या साबणाचं पाणी काळ्या मातीत घालू नका, त्यातल्या सोडियमनं माती घट्ट चिकट होते. अगदी शेवटच्या खळबळीचं असेल तर बोगनवेलीला चालेल.

पाणी किती खारट आहे ते जिभेवर ठरवू नका. जिल्ह्याच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत एक बाटली देऊन या. अहवालात विद्युत वाहकता हा आकडा (डेसीसायमन प्रति मीटरमधला) बघायचा. ०.७५ पर्यंत असेल तर बहुतेक फुलझाडांना चालतं, २.२५ च्या वर गेला तर त्या पाण्यावर गुलाबाचा हट्ट सोडावा. मधल्या पाण्यावर झाडं निवडून लावायची आणि पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून पावसाच्या पाण्यानं धुऊन काढायच्या. भर पावसात कुंड्या पत्र्याखाली सरकवणारी मंडळी मी बघितली आहेत. वर्षभराचे क्षार खाली उतरायची तीच एक संधी असते.

मातीबद्दल थोडंच सांगते. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेला भेग पडते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. वरून ओलं दिसतं, मुळं मात्र कोरडी. एक भाग काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाडसर वाळू किंवा चाळलेला मुरूम, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. नर्सरीतून आणलेल्या रोपाची पिशवी फाडल्यावर आत बहुतेक वेळा लालसर चिकण मातीचा घट्ट गोळा निघतो. आपल्याकडे येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून येतात. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर बाहेरची माती ओली होते आणि गोळा आतून ठणठणीत कोरडा राहतो. रोप लावायच्या आधी गोळा पाण्यात भिजू द्या, कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करा. तुमची पुण्याहून आणलेली काही कायमची झाडंही गेल्याचं लिहिलंय, त्यात या गोळ्याचा हात असावा असा माझा अंदाज आहे.

आता शेवंती. तुम्ही लिहिलंय की ती गेटच्या दिव्याखाली आहे. हेच कारण. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधाराची रात्र लागते. सप्टेंबरनंतर रात्र मोठी होत जाते तशी ती कळी धरते. तुमच्या गेटचा एलईडी रात्रभर जळत असेल तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू आहे, म्हणून ती नुसती पाल्यानं वाढते. कुंडी उचलून रात्री जिथं रस्त्याचा दिवाही पोचत नाही अशा कोपऱ्यात न्या. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहा म्हणजे फांद्या फुटतील, त्यानंतर खुडणं बंद. बाकी काही करायला लागणार नाही. त्या रोपात काही खोट नाही.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. त्यांचं बोलणं तुम्हाला टोचतं, आणि ते टोचणारच. पण त्यांनी १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेला असणार, आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तुम्ही दोघींनीही बघितलंय. त्या बाईला पाण्याची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. तिला उत्तर द्यायचं तर हिशोबानं द्या. बारा इंची कुंडीला मे महिन्यात दिवसाला साधारण दीड लिटर धरा. चाळीस कुंड्यांना साठ लिटर झालं, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. टँकरच्या दिवसांत चार बादल्या फुलांना घालणं मलाही पटत नाही. पण पंधरा कुंड्यांना दीड बादली लागते, आणि तेवढं पाणी स्वयंपाकघरातून आणि हातपाय धुण्यातून निघतं. नवीन थेंबही लागत नाही. हा हिशोब त्यांच्यासमोर बसून करा.

तुम्ही म्हणता गावाकडच्या घरी न्हाणीमागं गुलबास, कर्दळ आणि मोगरा आपोआप यायचा, आणि इथं एवढं करून येत नाही. तो आपोआप येत नव्हता. न्हाणीचं पाणी रोज तिथं जायचं, झाड जमिनीत होतं, आणि दुपारी भिंतीची सावली होती. हे सगळं सासूबाईंना ठाऊक आहे. त्यांना विचारा, तिथं मोगऱ्याला पाणी कधी तोडायच्या, छाटायच्या का, कोणत्या महिन्यात. बोलणं लागलं की कदाचित फुलांवरचा राग थोडा कमी होईल, पण त्याची खात्री मी देत नाही. तसं झालं नाही तरी माहिती तुमच्या कामाचीच आहे.

मग तुमचा मोठा प्रश्न, बारा महिने फुलणारी बाग. ताई, ही अपेक्षा कुठून आली? बहुतेक फोटोंमधून. गटातल्या प्रत्येकीनं रोज एक फोटो टाकला की वाटतं सगळ्यांकडे रोज फुलतंय. आपल्याकडे फुलांचे तीन वेगळे हंगाम आहेत, आणि चौथा, चैत्रानंतरचा, जगून राहायचा आहे. त्यातही काही फुलतंच. पण चाळीसच्या चाळीस कुंड्या मे महिन्यात फुललेल्या हव्यात, हा आग्रह या हवेला आणि तुमच्या पाण्याला पेलत नाही.

तुमच्यापुढं तीन वाटा आहेत. नाद सोडून देणं ही एक. तुमचं पत्र तीन पानी आहे आणि त्यात अडीच पानं झाडांबद्दल आहेत, तेव्हा ही वाट तुमची नाही असं मला वाटतं. दुसरी, आत्ता चालू आहे तीच: चाळीस कुंड्या वर्षभर ओढायच्या, दर उन्हाळ्यात निम्म्या घालवायच्या, दर जानेवारीत नव्या आणायच्या. यात पैसाही जातो आणि मनही खचतं. तिसरी वाट मला पटते. बाग पावसाळ्यात आणि थंडीत मोठी करा, फाल्गुनात मुद्दाम लहान करा. होळीच्या आठवड्यात बसून ठरवायचं की यंदा उन्हाळ्यात कोणत्या पंधरा कुंड्या न्यायच्या. बाकीच्या रिकाम्या करून, माती गच्चीवर पसरून उन्हात तापू द्यायची. तापलेल्या मातीतली कीड आणि बुरशी बरीचशी मरते, ती माती पावसाळ्यात पुन्हा वापरता येते. कुंडी आपण ठरवून रिकामी केली की झाड मेल्याचं दुःख उरत नाही.

त्या पंधरांत कोण असावं? मोगरा असलाच पाहिजे. त्याच्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण लातूरच्या उन्हाळ्यात इतकं देणारं दुसरं झाड मला माहीत नाही. डिसेंबरात त्याचं पाणी हळूहळू तोडा. पानं पिवळी पडली तरी घाबरू नका. संक्रांतीच्या सुमारास सगळ्या फांद्या निम्म्यानं छाटा, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा, वरची दोन बोटं माती उकरून शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. काही दिवसांत प्रत्येक डोळ्यातून नवा कोंब येतो, आणि त्या कोंबाच्या टोकालाच कळ्या असतात. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. न छाटलेला मोगरा म्हणूनच नुसता वेलीसारखा लांब होत जातो. पहिला बहर ओसरला की शेंडे पुन्हा हलके कापा, दुसरा बहर येतो. ऊन त्याला हवंच असतं, फक्त बहराच्या दिवसांत पाण्याचा ताण पडू देऊ नका.

त्याच्या जोडीला बोगनवेल. ती पाण्याचा थोडा ताण बसला की जास्त फुलते, रोज पाणी घातलं तर नुसती पालवते. कण्हेर, टिकोमा, मधुमालती, सदाफुली, अडेनियम, चिनी गुलाब ही सगळी उन्हातली माणसं आहेत. पांढरा चाफा मोठ्या ड्रममध्ये लावा, चैत्रात पानं नसताना फुलतो. मे फ्लॉवरचे चार कंद एखाद्या कुंडीत पुरून ठेवा. थंडीत ते मेल्यासारखे दिसतात, कुंडी रिकामी समजून टाकून देऊ नका. ऐन उन्हाळ्यात लाल चेंडूसारखं फूल वर येतं. गुलाब ठेवायचा तर गावठी, सुवासाचा ठेवा. कलमी गुलाबाच्या जोडाखालून फूट आली तर ती लगेच काढा, नाहीतर वरचं कलम मरतं आणि लोक म्हणतात गुलाबाचा रंग बदलला. गुलाबाची मोठी छाटणी दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पुढे दीड महिन्यात फुलं.

या पंधरा कुंड्या गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला, एकमेकींना खेटून, विटांवर ठेवा. तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवलेल्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. वर पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी, आणि मातीवर उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड. लातूरच्या बाजारात या दोन गोष्टींची वाण नाही. दुपारी दोनला पानं लोळलेली दिसली की पाण्याला धावू नका. संध्याकाळी सहाला पुन्हा बघा. उभी राहिली असतील तर झाडाला तहान नव्हती, ऊन चुकवत होतं. सकाळीही लोळलेलीच दिसली तर मात्र पाणी द्या, किंवा मुळं कुजली नाहीत ना ते तपासा.

पावसाचं पाणी धरायचा विचार आजवर केला नसेल तर आता करा. तुमची गच्ची हजार चौरस फुटांची असेल तर तिच्यावर पडणाऱ्या एका २५ मिलिमीटरच्या पावसातून दोन हजार लिटरच्या वर पाणी होतं. लातूरला वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गच्चीच्या पन्हाळीखाली झाकणाचे दोन ड्रम ठेवले तरी अझेलियापेक्षा पैसा चांगल्या कामी लागला असं समजा. झाकण घट्ट लावा, डास होऊ देऊ नका.

आणि बागा बघायला जाणं अजिबात बंद करू नका. फक्त कधी आणि काय बघायचं ते बदला. पुण्याला जा, डोळे भरून बघा, पण पिशवी रिकामी ठेवून या. किंवा बी आणा. हस्ताचा पाऊस ओसरला की तेच पिटुनिया आणि डायन्थस तुम्ही बियांपासून करू शकता, आणि आपल्या हवेत उगवलेलं रोप आणलेल्या रोपापेक्षा तग धरतं.

गटाला घेऊन संभाजीनगरला जा. बीबी का मकबऱ्यात सगळे घुमटाचे फोटो काढतात. तुम्ही खाली बघत चाला. चारबागेची आखणी आहे ती, बागेचे चौकोन पाण्याच्या पाटांवर बेतलेले आहेत. तिथून पाणचक्कीला जा, डोंगराकडून खापराच्या नळांनी आणलेलं पाणी बघा. हिमायत बागेत आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. या भागात ज्यांनी बागा केल्या त्यांनी आधी पाणी आणलं, मग झाडं लावली. तुमचे ड्रम त्याच क्रमानं आधी यायला हवेत.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जेवायला जालच. तेव्हा जवसाचं शेत दिसलं तर थांबा. सकाळी निळं असतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. काळ्या मातीत, थंडीच्या ओलीवर, वरून जवळजवळ काही न देता येणारं फूल. चार ओंजळी बी मागून आणा आणि पसरट कुंडीत टाकून बघा. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून रोपं देण्याची पद्धत गटात सुरू करा, पण तेव्हा पिटुनिया देऊ नका, ती दोन महिन्यांत संपेल. सदाफुली द्या, मोगऱ्याची मुळं फुटलेली काडी द्या.

आणि पुढच्या मे महिन्यात, संध्याकाळी सहानंतर, गटानं आपल्याच गल्लीतून एक चक्कर मारायची. कुणाच्या फाटकावर फूल आहे ते बघायचं. तिथं थांबायचं, घरच्या बाईंना हाक मारायची. पाणी कुठलं घालता, ऊन किती वेळ असतं, हे विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं, यंदा काय काय मेलं ते विचारा. बागेच्या गप्पांत हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त शिकायला त्याच उत्तरातून मिळतं. प्रत्येकीनं आपली मेलेल्या झाडांची यादी वहीत लिहून ठेवली तर दोन-तीन वर्षांत तुमच्या गटाकडे लातूरपुरती अशी माहिती जमेल जी कुठल्याही प्रदर्शनात मिळणार नाही. फांदी मात्र तेव्हा मागू नका. उन्हाळ्यात तोडलेली काडी वाया जाते आणि झाडालाही त्रास होतो. सांगून ठेवा, मृगात न्यायला येईन म्हणून.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा मृग लागलेलं असेल. दोन चांगले पाऊस होऊन गार वारं सुटलं की कामाला लागा. जास्वंद, तगर, मधुमालती, बोगनवेल यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर लांबीच्या, डोळ्याच्या खाली तिरप्या कापून सावलीत लावा. तेरडा आणि गुलबास पेरा, महालक्ष्म्यांच्या वेळी दारात फुलं असतील. झेंडूसाठी पंचांगात दसरा बघा आणि तिथून तीन-सव्वातीन महिने मागं मोजा, त्या आठवड्यात बी टाका. महिन्याभरात रोप कुंडीत लावायचं आणि ते वीतभर झालं की शेंडा खुडायचा. दसऱ्याला दाराच्या तोरणाची फुलं विकत आणावी लागणार नाहीत, आणि तोडायला सासूबाईंना गच्चीवर बोलवा.